महालातले आमचे सर, सट्टा आणि बॅचची वर्गणी: पैसे द्यावेत का?

बडकसचौक (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवा आहे. नागपूरकरांपैकी कुणी ओळखलंच तर कृपया खाली नाव लिहू नका. घरात काकू आहेत, नातवंडं आहेत.

नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत आम्हाला आठवीपासून दहावीपर्यंत गणित शिकवणारे सर. २०१० साली निवृत्त झाले. त्यांचा मान काय होता ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. केळीबाग रोडवरून सायकलने निघाले की कुणी ना कुणी दुकानातून उतरून पाया पडायचा. भाडेकरू-घरमालकाचं भांडण, भावाभावांतली वाटणी, लग्नातला रुसवा, सगळं आधी सरांकडे जायचं आणि बहुतेक तिथेच मिटायचं. गणेश मंडळाची वही वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. हिशेब कुणी तपासायला मागितला नाही. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत आमच्या मोहल्ल्याचा बडग्या (वाईट गोष्टींवर टीका करणारा पुतळा) निघायचा, त्याच्या पाटीवरच्या ओळी सर लिहायचे. एका वर्षी बडग्या वरली-मटक्यावर, म्हणजे आकड्यांच्या जुगारावर होता. त्याही ओळी सरांच्याच, आणि झणझणीत होत्या.

आजची स्थिती. निवृत्तीच्या वेळी हातात आलेली रक्कम संपली. काकूंचं सोनं गेलं. मानेवाड्याचा प्लॉट एका सावकाराच्या नावावर झाला. पेन्शनचं एटीएम कार्ड पिनसकट दुसऱ्या सावकाराकडे असतं. महिन्याच्या सुरुवातीला तो पैसे काढतो आणि उरलेले काकूंच्या हातात ठेवतो, वर उपकार केल्याचा आव. गेल्या वर्षी मंडळाच्या वहीत रक्कम कमी निघाली. पोरांनी आपसात पैसे काढून खड्डा भरला आणि वही गुपचूप दुसऱ्याकडे दिली. सरांना कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे हे न विचारणं अजूनही आदरात मोजलं जातं.

कारण क्रिकेटचा सट्टा. पुढे मोबाइलवरची रमी आणि अजून काय काय.

आता बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरतंय की सगळ्यांनी मिळून सरांचं कर्ज फेडायचं. आकडा साधारण अकरा लाख सांगतात, खरा किती ते कुणालाच ठाऊक नाही. निम्मा ग्रुप याला गुरुदक्षिणा म्हणतो. दुबईतला एक मित्र तर एकटाच तीन लाख टाकायला तयार आहे. मला हे पटत नाही, पण ग्रुपवर तसं लिहायला बोटं वळत नाहीत. काय करावं?

तर्रीबाज

बाप्पा! वाचता वाचता चहा थंडा झाला राजेहो. सर कोण ते मी ओळखलं नाही, न ओळखलेलंच बरं. आमच्या सक्करदऱ्यात असाच एक झाला. तो मास्तर नव्हता, ठेकेदार होता. आयपीएलचे दोन महिने त्याच्या घरी भाजीले पैसे नसायचे, अन् जागरणाच्या वर्गणीत पहिलं नाव त्याचंच, तेही सगळ्यात मोठ्या रकमेचं.

पण मले एक सांगा भाऊ, सरायनं हे सुरू कसं केलं? गणिताचा मास्तर न हा! ज्याले संभाव्यता शिकवता येते तो सट्टा कायले लावते?

मृगनक्षत्र

वाचतेय. तर्रीबाज यांचाच प्रश्न मलाही पडला.

बडकसचौक

निवृत्तीनंतर गांधीसागरला सकाळी फिरणाऱ्यांचा एक ग्रुप जमला होता. फिरणं झालं की तर्री पोहे. पोह्यांचे पैसे कोण देणार यावर आधी टॉसची, मग मॅचची पैज. सर जिंकायचे. क्रिकेट त्यांना खरंच कळायचं. ३१ ऑक्टोबर १९८७ ला व्हीसीएच्या (विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या) जुन्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध गावसकरने वनडेतलं एकमेव शतक काढलं, चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली, ती मॅच सरांनी तिथे बसून पाहिली होती आणि त्यांना ती तोंडपाठ होती. तर पोह्यांची पैज सारखी जिंकणाऱ्याला लोक म्हणायला लागले, सर, तुमचं डोकं वाया चाललंय. ज्याला पस्तीस वर्षं भरलेला वर्ग ऐकत होता आणि आता घरी कुणी ऐकत नव्हतं, त्या माणसाला हे वाक्य किती गोड लागलं असेल!

त्याच ग्रुपमध्ये त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, मागच्या बाकावरचा. तो एका बुकीचा माणूस निघाला. त्याने सरांचं खातं उघडून दिलं. डिपॉझिट घेतलं नाही. "सर, तुमच्याकडून पैसे आधी घेऊ? पाप लागंल मले."

१२ मार्च २०११, नागपूरजवळचं जामठ्याचं मैदान, वर्ल्ड कपात भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. सचिनचं शतक, भारत १ बाद २६७. सरांचे पैसे भारतावर होते. मग उरलेले नऊ गडी २९ धावांत गेले आणि डाव २९६ वर आटोपला. दर विकेटला भारताचा भाव वाढत होता (तेवढ्याच पैशांवर जिंकल्यास जास्त मिळणार होते) आणि सर फोन करून अजून लावत होते, कारण त्यांच्या हिशेबाने २९६ पुरेसे होते. शेवटच्या षटकात आफ्रिकेला १३ हवे होते, नेहराच्या हातात चेंडू, दोन चेंडू राखून त्यांनी मॅच काढली. हे मला त्या विद्यार्थ्याने सांगितलं, सर स्वतः कधीच बोलले नाहीत. तो म्हणाला, पैसे गेल्याचं सरांना तेवढं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "काय सर, पेपर फुटला का?" आणि सगळे हसले. ते लागलं.

त्या दिवसापासून सरांनी टपरी सोडली. सट्टा एकट्याने सुरू राहिला.

इतवारीचा_लेक

माझा जन्म इतवारीतला, वडील दलालीत, त्यामुळे लगवाडी-खायवाडी हे शब्द पाढ्यांबरोबरच कानावर पडले. धागाकर्त्यांनी डिपॉझिटचं सांगितलं तिथे सगळी गोम आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

लावणारा तो पंटर. ते अंगावर घेणारा बुकी, तो खायवाडी करतो. एका बाजूला बोजा फार झाला की थोडा वरच्या बुकीकडे उतरवतो, त्याला कटिंग म्हणतात. रोख लगेच कुणी देत-घेत नाही. सगळं पूर्वी वहीत असायचं, हल्ली आयडीत (बुकीने दिलेल्या ऑनलाइन खात्यात), आणि देणंघेणं ठरलेल्या दिवशी. म्हणजे हा धंदाच उधारीवर चालतो. आता उधारी कुणाला मिळते? ज्याची गावात पत आहे त्याला. सायकलरिक्षावाल्याला शंभर लावायचे तर शंभर खिशात लागतात. संपले की तो गुमान घरी जातो. मास्तर, डॉक्टर, कापडवाला यांना तसं थांबवणारं काहीच नसतं. बुकीला पक्कं माहीत असतं की हा माणूस पळून जाणार नाही, पोलिसात जाणार नाही, आणि चार लोकांत नाव निघू नये म्हणून बायकोचे दागिने मोडेल पण पैसे आणून देईल. तारण म्हणून अब्रूच ठेवलेली असते, बाकी कागद कशाला?

म्हणून तुमच्या ग्रुपला माझा साधा प्रश्न. तुम्ही अकरा लाख भरले की सरांचं खातं कोरं होईल. कोऱ्या खात्यावर बुकी काय करतो? लिमिट पुन्हा उघडतो. वर त्याला हेही कळलं की या माणसामागे दुबईवाले विद्यार्थी आहेत. म्हणजे यापुढे लिमिट वाढवूनच देईल.

आपल्या शहरात शिकलेली, पैसेवाली माणसं बुडणं नवं नाही. २०१६ मध्ये डब्बा ट्रेडिंगचं प्रकरण गाजलं, शेअरचे सौदे एक्स्चेंजवर न नेता बाहेरच्या बाहेर. २०२३ च्या जुलैत नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी गेल्याची तक्रार दिली. पोलिसांनी गोंदियात धाड टाकली तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोने सोनं निघालं. हरणारा काही अडाणी नव्हता.

अवांतर: आपल्याकडे अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी "आकडा लावला" असतं ना, तो आकडा मुळात कापसाचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते-बंद भाव मुंबईत तारेने यायचे, त्यावर लोक पैसे लावायचे. १९६१ ला ते भाव येणं बंद झालं. मग १९६२ ला कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ ला रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. पुढे भाव गेले, पत्ते आले, पण ओपन-क्लोज हे शब्द तेच राहिले. कॉटन मार्केटच्या गावाला हे ठाऊक असायला हवं.

गणिती

इतवारीचा_लेक, सुंदर प्रतिसाद. माझा प्रश्न बडकसचौक यांना: सर डाव दुप्पट करत जायचे का?

बडकसचौक

हो! तुम्हाला कसं कळलं? त्यांच्या जुन्या डायऱ्या काकूंनी मला दाखवल्या. पानंच्या पानं ५००, १०००, २०००, ४०००.

गणिती

कारण गणितवाल्यांना हाच खड्डा आवडतो. हरलो की दुप्पट लावायचं, एकदा जिंकलो की मागचं सगळं भरून ५०० वर. कागदावर हे कधी चुकत नाही. पण ५०० पासून सुरुवात करून सलग दहा डाव हरलात तर ५,११,५०० गेले. अकरावा डाव लावायला ५,१२,००० पाहिजेत, आणि तो जिंकूनही एकूण नफा किती? पाचशे. समसमान शक्यतेला सलग दहा हार म्हणजे १०२४ मध्ये एकदा. सर मनात म्हणत असतील, हजारात एकदा, माझ्या वाट्याला कशाला येईल? रोज दोन-चार वेळा सेशन (ठरावीक षटकांतल्या धावांवरची पैज) लावणाऱ्याच्या वाट्याला ते येतंच, फक्त केव्हा ते माहीत नसतं.

वर समसमान शक्यतेच्या डावालाही भाव पूर्ण रुपयाचा नसतो. ९० पैशांचा भाव म्हणजे शंभर लावून जिंकलात तर नव्वद मिळणार, हरलात तर शंभर जाणार. नुसतं बरोबरीत राहायला शंभरात जवळजवळ ५३ वेळा बरोबर यावं लागतं. मटक्याचं तर उघडच आहे. आकडे दहा, लागला तर नऊपट. दर शंभरामागे दहा रुपये पहिल्याच दिवशी गेले असं समजायचं.

भूमिती श्रेढी ज्याने फळ्यावर हजारदा लिहिली त्याला हे येत नव्हतं असं कोण म्हणेल? १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत काळा रंग सलग २६ वेळा आला आणि "आता तरी लाल येणारच" म्हणून लोक लावत गेले, हा किस्साही सरांनी वर्गात सांगितला असेल.

बडकसचौक

किस्सा आठवत नाही, पण नाणं उडवायला लावायचे. पाच वेळा छापा आला की विचारायचे, आता काय येईल? आम्ही "काटा, काटा" ओरडायचो. मग डस्टर टेबलावर आपटून म्हणायचे, "नाण्याला स्मरणशक्ती नसते, मूर्खांनो!"

मनोवैद्य

मी मानसोपचारात काम करते, पुण्यात. दुरून निदान करणार नाही, पण काही गोष्टी उपयोगी पडतील.

जुगाराचं व्यसन हा नोंदलेला आजार आहे. मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात, डीएसएम-५ मध्ये, २०१३ ला त्याला दारू-गर्दच्या रांगेत बसवलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही तो आहे, ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. ओळखायची खूण किती पैसे गेले ही नाही. गेलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा लावणं, लपवणं, थांबायचं ठरवून न थांबता येणं, या खुणा. गणित येण्याचा फायदा होत नाही, कधी तोटाच होतो, कारण अशा माणसाकडे प्रत्येक हारेला कारण तयार असतं. अगदी थोडक्यात हुकलेला डाव मेंदूला हार वाटतच नाही, "जवळ आलो" वाटतो. दोन चेंडू राखून गेलेली मॅच हे त्याचं उदाहरण म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगेन, परवानगी असेल तर.

एक महत्त्वाचं विचारते. सरांना कंपवाताची औषधं चालू आहेत का? प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा गोळ्यांनी काही रुग्णांत जुगाराची ओढ उसळते, हा चांगल्या माहीत असलेल्या दुष्परिणामांपैकी आहे. डॉक्टरांना सांगून गोळी कमी केली किंवा बदलली की अनेकदा ओढ ओसरते. स्वतःहून मात्र बंद करायची नाही.

आणि हे जरा स्पष्ट लिहिते. अशा माणसाला सर्वांत जपायचं ते प्रकरण उघडं पडल्यावर. आत्महत्येचा धोका या आजारात खरा असतो, आणि ज्याचं सगळं आयुष्य मानावर उभं आहे त्याच्या बाबतीत तर अधिकच लक्ष द्यावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच.

बडकसचौक

धन्यवाद डॉक्टर. कंपवात नाही, बीपी-शुगरच्याच गोळ्या. मनोरुग्णालयाचं नाव मात्र मी घरात काढू शकत नाही. आपल्याकडे ते नाव शिवीसारखं वापरतात, तुम्ही पुण्यात "येरवडा" म्हणता तसं. मेडिकलला नेणं जमेल.

सदाशिवपेठी

रागवू नका, पण धागा वाचून मला सरांची कीव येत नाही. वर इतवारीचा_लेक यांनी सायकलरिक्षावाल्याचं उदाहरण दिलं. तो मटक्यात दोन हजार हरला तर तो "जुगारी", त्याची बायको धुणीभांडी करून घर चालवते आणि कुणी व्हॉट्सॲप ग्रुप काढत नाही. सर अकरा लाख हरले तर ते "अडचणीत" आणि आजारी. मंडळाच्या वहीतले पैसे गेले याला साध्या मराठीत अफरातफर म्हणतात. शिपायाने केली असती तर तुम्ही त्याला पोलीस चौकीत नेला असता. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे न्याय करणाऱ्या माणसाला स्वतःचा न्याय झालेला चालत नाही, यात आजार कमी आणि अहंकार जास्त दिसतो.

तर्रीबाज

सदाशिवपेठी, बोललात खरं, पण लागलं जरा. आमच्या ठेकेदाराच्या वेळी आम्हीबी हेच केलं. त्याचा ड्रायव्हर सट्टापट्टी लावताना पकडला तं सगळ्या मोहल्ल्यानं त्याले शिव्या घातल्या, अन् ठेकेदाराले "साहेब, जरा जपून". ड्रायव्हर शिकला कुठून हे कोणी इचारलंच नाही.

बडकसचौक

सदाशिवपेठी, वहीचं तुम्ही म्हणता ते मान्य, त्याला दुसरा शब्द नाही. पण आजार आणि अहंकार असे दोन वेगळे कप्पे मला करता येत नाहीत. एक प्रसंग सांगतो. २०१९ ला आमच्यापैकी एकाच्या बहिणीचं लग्न होतं. सर आले, पाकिटात ५,००१ रुपये दिले, नवऱ्यामुलाच्या वडिलांशी तासभर ऐटीत बोलले. पुढे कळलं की ते पाच हजार त्याच सकाळी त्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्याकडून "काकूंच्या औषधाला" म्हणून घेतले होते. २५१ दिले असते तरी कुणाचं काय बिघडलं असतं? त्यांना ते शक्यच नव्हतं. २५१ देणं म्हणजे हरलो हे सगळ्यांना सांगणं.

विद्यार्थ्यांकडून पैसे घ्यायची पद्धतही तीच. कधी दहा, कधी वीस हजार, प्रत्येकाला वेगळं कारण, आणि शेवटी एकच वाक्य: "हे आपल्या दोघांत." प्रत्येकाला वाटायचं, सरांनी फक्त माझ्यावर विश्वास टाकला. गेल्या महिन्यात ग्रुपवर एकाने हळूच विचारलं आणि एकेक करून निम्मी बॅच बोलली.

संपादक

ओळख पटेल असे दोन प्रतिसाद काढले आहेत. चर्चा चांगली चालली आहे, कृपया मोहल्ला आणि मंडळ यांचे अंदाज बांधू नयेत.

रुख्मा

एरवी मी इथे फक्त वाचते. हा धागा वाचून राहवलं नाही. माझे यजमान बँकेत अधिकारी होते, नागपुरातच. सगळं लिहीत नाही.

तुम्ही सगळे सरांबद्दल बोलताय, काकूंचं नाव फक्त दागिन्यांपुरतं आलं. घरात काय असतं ते सांगते. मॅच कुठली आहे ते बाईला वेळापत्रक न बघता कळतं, नवऱ्याच्या आवाजावरून. एखाद्या संध्याकाळी अचानक संत्रा बर्फीचा डबा आणि साडी येते, तेव्हा आनंद होत नाही, पोटात गोळा येतो, कारण त्यानंतरचा आठवडा माहीत असतो. फोन घेऊन बाथरूममध्ये अर्धा अर्धा तास. दूधवाल्याचं दोन महिन्यांचं बिल थकलेलं आणि दारात आलेल्या पाहुण्याला आग्रहाने जेवायला थांबवलेलं. त्या जेवणासाठी शेजारून साखर मीच मागून आणायची, तीही "संपली लक्षातच नाही आलं बाई" असं हसत हसत. ते त्यांचा मान राखायचे, मी त्यांचा मान राखायची, सासूबाई आमचा दोघांचा. खोटं बोलायला सगळं घर शिकलं. मुलगी सात वर्षांची असताना फोनवर म्हणाली, "बाबा आंघोळ करताहेत," आणि बाबा समोर बसले होते.

लॉकडाउनमध्ये तर अजून वाईट. आधी निदान मॅच संपायची. मोबाइलवरची रमी रात्री दोनलाही संपत नाही, आणि माणूस बाहेर जात नाही म्हणून शेजाऱ्यांना तो सुधारल्यासारखा दिसतो.

आमच्याकडे वळण कशाने आलं? माझ्या धाकट्या दिराने एका रविवारी सगळ्या नातेवाइकांना बोलावलं आणि यजमानांच्या समोर कर्जाची यादी मोठ्याने वाचली. त्या दिवशी ते दिराशी बोलले नाहीत, पुढे वर्षभर बोलले नाहीत. पण सोमवारपासून त्यांना उधार देणारं कुणी उरलं नाही. पगाराचं खातं माझ्या हातात आलं. उपचार नंतर, आधी हे. तुमच्या ग्रुपमधून एक रुपयाही सरांच्या हातात देऊ नका. द्यायचा तर काकूंना विचारून, काकूंच्या देखत. त्यांना कुणी विचारलंय का अजून?

मृगनक्षत्र

रुख्माताई __/\__

मनोवैद्य

रुख्माताईंशी सहमत. फक्त यादी वाचायच्या बैठकीआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं आणि त्यानंतरचे काही दिवस त्या माणसाला एकटं सोडू नये.

वकीलबाई

कायद्याचं थोडक्यात, कारण ग्रुपमध्ये कुणीतरी "सरांवर केस होईल" असं घाबरवणार.

पैजेचा करार १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे निरर्थक आहे. बुकी कोर्टात जाऊन "हा सट्टा हरला, पैसे द्या" म्हणू शकत नाही. म्हणून ते कोरे सही केलेले चेक घेऊन ठेवतात आणि नंतर तो "मैत्रीत दिलेला हातउसना" म्हणून वटवायला टाकतात. चेक परत आला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याचा गुन्हा. तिथे कायद्याचं गृहीत चेकधारकाच्या बाजूने असतं, ते खोडून काढायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. तेव्हा आधी शोधा, सरांनी कोरे चेक किती दिले आणि कुणाला.

सावकारांकडे परवाना आहे का ते पाहा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. प्लॉटचा व्यवहार कर्जापोटी झाला असेल तर तेही तिथेच मांडा. आणि एटीएम कार्ड? उद्या बँकेत जाऊन ब्लॉक करा, नवीन काढा. याला खातेदार सरांखेरीज कुणाची परवानगी लागत नाही.

ऑनलाइनचं: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. म्हणून काकूंनी घाबरायचं कारण नाही.

इतवारीचा_लेक

कायदा आला, ठीक. जाहिराती गेल्या. आयडी देणारे पोट्टे मात्र अजून व्हॉट्सॲपवर सापडतात, एवढंच नमूद करतो.

बडकसचौक

उशिराबद्दल क्षमस्व. जे झालं ते लिहितो.

ग्रुपवर रुख्माताईंचा प्रतिसाद मी जसाच्या तसा टाकला (नाव वगळून). दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग दुबईवाला म्हणाला, काकूंना विचारू. आमच्यातल्या दोघी काकूंना भेटल्या. काकू एवढंच म्हणाल्या, "पैसे नको बाई. दर महिन्याची पेन्शन माझ्या हातात येईल असं करा." अकरा लाखांचा विषय तिथेच संपला.

मग सरांकडे बसलो. मुलगा बंगळूरूहून आला होता. मेडिकलच्या डॉक्टरांना आधी भेटून आलो होतो, त्यांनी काय बोलायचं नाही ते नीट सांगितलं होतं. सर इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले, आम्हाला खाली सतरंजीवर बसवलं. मी यादी वाचली. सर मध्येच म्हणाले, "बेरीज चुकली आहे तुझी." चुकली नव्हती, त्यांनी एक नाव आधीच मनातून वगळलं होतं. मग म्हणाले, मदत हा शब्द वापरायचा नाही, विद्यार्थ्यांचे पैसे ते व्याजासह परत करणार आहेत, आयपीएल होऊ द्या. हे ऐकल्यावर मुलगा उठून बाहेर गेला. काकू पहिल्यांदाच सरांच्या वाक्यात बोलल्या: "आयपीएल या घरात होणार नाही." सर त्यांच्याकडे बघत राहिले. काही उत्तर दिलं नाही.

एटीएम कार्ड ब्लॉक झालं, नवीन काकूंकडे. सावकाराने दोनदा दारात येऊन तमाशा केला, उपनिबंधकांकडे अर्ज दिला आहे म्हटल्यावर तिसऱ्यांदा आला नाही. मंडळाच्या बैठकीत वहीचा विषय मांडायचं ठरलं आहे, सर हजर असतील तर त्यांच्यासमोर. सदाशिवपेठी, तुमची आठवण झाली. मेडिकलला सर दोनदा आले, तिसऱ्या वेळी "डॉक्टर माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा आहे" म्हणून नाही आले. पुढच्या मंगळवारी मुलगा घेऊन जाणार आहे.

वकीलबाई

छान काम केलंत. कोऱ्या चेकचं काय झालं? बँकेला स्टॉप पेमेंटचं पत्र दिलंत का? त्याने १३८ मधून आपोआप सुटका होत नाही, पण तारखेनिशी नोंद राहते.

बडकसचौक

दिलं. चेकबुकाच्या अर्धुकांवरून पाच चेक गेलेले दिसतात. चार कुणाकडे आहेत ते सरांनी सांगितलं. पाचव्याचं विचारलं की म्हणतात, तो खराब झाला म्हणून फाडला.

इतवारीचा_लेक

सर खराब झालेला चेक अर्धुकावर "रद्द" लिहिल्याशिवाय सोडतील? तीस वर्षं मंडळाची वही लिहिलेला माणूस? अजून एक खातं चालू आहे असं धरून चला भाऊ. आणि बुकी नवा असेल, त्या जुन्या विद्यार्थ्याला विचारून काही कळणार नाही.

बडकसचौक

अर्धुकावर काही लिहिलेलं नाही. आत्ताच काकूंना फोन करून बघायला सांगितलं.